चिमणी



आपल्या मराठीत ‘चिमणी’ या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत. अंगणात दाणे टिपते ती चिमणी, आजीच्या माजघरात रॉकेलवर मिणमिणायची ती चिमणी, आणि कारखान्याच्या छपरावर धूर सोडते तीही चिमणी. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी इंग्लंडला लेकीकडे दीड महिना राहून आले. त्या मुक्कामात तिसऱ्या अर्थाच्या चिमणीने मला असा धडा दिला की परत आल्यावर तिचा इतिहास वाचल्याशिवाय राहवलं नाही. तोच आज सांगते. पदार्थांची कृती पुढच्या वेळी.

आमची धाकटी लेस्टरला नोकरी करते. तिथली घरभाडी ऐकून छातीत धस्स होतं. म्हणून तिने आणि जावयांनी जुनी नॅरोबोट विकत घेतली आणि कालव्यावर संसार थाटला. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी दोन दिवस धड बोलले नाही. “अगं, दाराला तोरण लावायला भिंत तरी आहे का?” एवढंच विचारलं. नात्यातल्या बायकांना तर ‘पाण्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहते’ असं सांगितलं होतं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आज कबूल करते.

प्रत्यक्ष बोट पाहिली ती संध्याकाळी चारला, म्हणजे तिथे सूर्य बुडाल्यावर. काळ्या पाण्यावर हिरवी, लांबच लांब, आगगाडीच्या डब्यासारखी पण डब्याहून अरुंद अशी बोट. छपरावर मनगटापेक्षा थोडी जाड लोखंडी चिमणी, तिला पितळेची तीन वळी आणि वर निळसर धुराची रेघ. आत गेले तर ऊबदार. कोपऱ्यात छोटी लोखंडी शेगडी, काचेच्या दाराआड लाल निखारे. माझा निम्मा राग तिथेच उतरला. चूल पेटलेली दिसली की बाईमाणसाला ते घर वाटतं, दुसरं काय!

आपल्याकडे कालवा म्हटलं की उसाचं पाणी आठवतं. इंग्लंडचे कालवे शेतीसाठी नव्हेत, कोळशासाठी खणले गेले. ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या वर्सली इथे कोळशाच्या खाणी होत्या. मँचेस्टर जवळच, पण रस्ते चिखलाचे आणि कोळसा घोड्याच्या पाठीवरून जायचा. घोड्याच्या पाठीवर साधारण सव्वाशे किलो माल राहतो. तोच घोडा काठावरून चालत पाण्यातली बोट ओढू लागला तर २५-३० टन ओढतो. बी.कॉम. झालेल्या बाईला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. १७६१ मध्ये हा कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमधल्या कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. जेम्स ब्रिंडली हा त्या कामातला मोठा कारागीर. शाळा फारशी न झालेला, गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करता करता कालव्यांचा इंजिनिअर झालेला माणूस.

पुढे ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्यांना जोडणारा कालवा खणायचं ठरलं. १७६६ मध्ये त्याची पहिली कुदळ जोसाया वेजवूडने मारली. कपबशा बनवणारा तोच वेजवूड. त्याची भांडी खडबडीत रस्त्यावरून जाताना फुटायची, पाण्यावरून जाताना फुटणार नव्हती. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला आणि कालवा १७७७ मध्ये पुरा झाला, पण त्याने घेतलेला एक निर्णय आजवर टिकला आहे. चढउतारावर बोट वर-खाली नेणारी पाण्याची कुलपं, ज्यांना तिथे लॉक म्हणतात, ती त्याने सुमारे ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद ठेवली. अरुंद लॉकला खर्च कमी आणि पाणीही कमी. म्हणून बोट सात फुटांहून थोडी अरुंद झाली. म्हणूनच माझी लेक आज सात फुटांच्या आत संसार करते. अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने केलेली काटकसर तिच्या स्वयंपाकघराची रुंदी ठरवून गेली आहे.

सुरुवातीच्या काळात बोटीवर पुरुष आणि पोरगे असत. पुष्कळांची घरं काठावरच्या गावांत होती. १८३० नंतर आगगाडी आली. मालवाहतुकीचे दर पडले, बोटवाल्याची कमाई पडली. घराचं भाडं आणि नोकराचा पगार दोन्ही परवडेनात. तेव्हा खर्च वाचवायचा एकच मार्ग उरला. घर सोडून बायकोमुलांना बोटीवर आणायचं. भाडं वाचलं आणि बिनपगारी हात मिळाले. ताळेबंदात ही बचत दिसते. तिची किंमत कोणी मोजली हे ताळेबंदात दिसत नाही.

सत्तर फुटांच्या बोटीत माल भरायचा म्हणून कुटुंबाला मिळायची ती मागची केबिन, सुमारे १० फूट लांब. लेकीने मला जुन्या पद्धतीची अशी एक केबिन दाखवायला स्टोक ब्रुर्न या गावी नेलं. तिथे कालव्याकाठच्या जुन्या गिरणीत संग्रहालय आहे. मी पायरीवरून आत उतरले आणि हसू आलं, कारण पायरी म्हणजे कोळशाची पेटी. उतरल्याबरोबर डाव्या हाताला चुलीची छोटी रेंज, खाली भट्टी, वर तवा ठेवायची जागा. तिच्या पलीकडे कपाट. कपाटाचं दार खाली पाडलं की जेवायचं टेबल. समोर अरुंद बाक, तोच रात्री पोराचा बिछाना. सगळ्यात आत आडवा पलंग, दिवसा घडी करून भिंतीत. भिंतींना लेसच्या काठांच्या बश्या, पितळी मुठी, क्रोशाचे पडदे, दारांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. पाणी छपरावरच्या रंगीत डब्यात. एक इंच जागा वाया गेलेली नाही आणि एक इंच जागा उघडीबोडकीही ठेवलेली नाही.

त्या बाईचा दिवस कसा जात असेल, याचा मी तिथे उभं राहून विचार केला. पुढे इंजिनाच्या बोटी आल्यावर एक इंजिनाची आणि तिच्यामागे ओढली जाणारी एक, अशी जोडी चालू लागली. मागची बोट बहुधा बाईच्या हाती. ती केबिनच्या दारात उभी राहून सुकाणू धरायची, आणि चूल तिच्या पायाशी, हात खाली केला तर झाकण उचलता येईल इतकी जवळ. एक डोळा वळणावर, एक डोळा भांड्यावर. मांडीशी मूल. घोड्यांच्या काळात थांबणंही हातात नव्हतं. खेपेचे पैसे मिळत, तासांचे नाही.

या मुलांकडे देशाचं लक्ष वेधलं ते जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने. लेस्टरजवळ कोलव्हिल गाव आहे, तिथला हा म्हणून त्याला कोलव्हिलचा स्मिथ म्हणतात. वयाच्या नवव्या वर्षी तो स्वतः विटभट्टीवर मातीचे गोळे डोक्यावरून वाहत होता. मोठेपणी भट्टीतल्या मुलांसाठी झगडला, मग कालव्यावरच्या मुलांकडे वळला. १८७५ मध्ये त्याने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि १८७७ मध्ये कालव्यातल्या बोटींचा कायदा झाला. प्रत्येक राहत्या बोटीची नोंदणी आली. किती माणसांनी राहायचं तेही ठरलं. बारा वर्षांवरच्या माणसाला ६० घनफूट, बारा वर्षांखालच्या मुलाला ४० घनफूट.

मी कागदावर हिशेब केला. ६० घनफूट म्हणजे ६ फूट लांब, ५ फूट उंच आणि २ फूट रुंद, आपलं कपड्यांचं कपाट. नवराबायको आणि चार लहान मुलं म्हणजे २८० घनफूट. ती केबिन एवढ्यात बसते. म्हणजे कायद्याने सहा माणसं एका चुलीसह त्या पेटीत राहू शकत होती, आणि तेसुद्धा कायद्यामुळे झालेली सुधारणा म्हणून! १८८४ च्या दुरुस्तीने तपासणीला थोडी धार आली. बोटवाल्यांना मात्र स्मिथचा राग होता. आमची बदनामी केली, आम्ही घाणेरडे-दारुडे असल्यासारखं लिहिलं, असं त्यांचं म्हणणं. त्याने बरंच वाढवून सांगितलं होतं असं आज अभ्यासकही म्हणतात. पण मुलांची नावं सरकारी वहीत आली ती त्याच्यामुळे. दुसऱ्याच्या घराची दया करताना त्या घरच्या बाईचा मान राखणं किती अवघड असतं! मी माझ्या लेकीच्या बोटीबद्दल काय बोलले होते ते मला तिथे आठवलं.

आता चिमणीकडे येते. पुलांच्या कमानी बुटक्या, बोगदे अरुंद. म्हणून छपरावरचा चिमणीचा भाग काढता-घालता येईल असा असतो. पूल आला की उचलून बाजूला ठेवायचा. हातातून निसटून पाण्यात जाऊ नये म्हणून तिला साखळी. पितळेची वळी ही हौस. ती रोज घासून लख्ख ठेवणं हा बोटीवरच्या बाईचा मान होता. आपल्याकडे घरची तांब्याची भांडी पाहून सुनेची परीक्षा व्हायची तसंच.

पण धूर म्हणजे नुसती काजळी नव्हे हे कालव्यावरच्या लोकांना फार आधीपासून माहीत होतं. स्टोक ब्रुर्नच्या पलीकडे ब्लिसवर्थचा बोगदा आहे, १८०५ मध्ये खुला झालेला, ३०७६ यार्ड म्हणजे २.८ किलोमीटर लांब. आत घोड्याला वाट नाही. माणसं फळीवर आडवी होऊन भिंतीला पाय लावत बोट ढकलत नेत. वाफेच्या बोटी आल्या तेव्हा हे कष्ट वाचले, पण १८६१ मध्ये अशाच एका बोटीच्या धुराने बोगद्यात माणसं गुदमरली आणि दोघं दगावली. त्यानंतर हवेसाठी वरून आणखी विहिरी खणल्या गेल्या. वर शेतात विटांचे ते गोल कठडे आजही दिसतात. पाणी नसलेल्या विहिरी, श्वासासाठी खणलेल्या.

हे सगळं मी पाहिलं तेव्हा आमच्यावर गुदरलेला प्रसंग होऊन आठवडा झाला होता. तो असा.

मी पोहोचल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी थंडी फार वाढली. कालव्यावर बर्फाचा पापुद्रा आला. शेगडी रात्रभर मंद ठेवायला सुरुवात झाली. सकाळी उठले तर डोकं जड, मळमळ. वाटलं, प्रवासाचा शीण असेल. लेकीचंही डोकं दुखत होतं. तिला वाटलं सर्दी. दर्शनाला गेलो. लेस्टरला जुन्या चर्चच्या इमारतीत सुंदर जैन मंदिर आहे, १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. तिथे तासभर बसलो आणि दोघींचं डोकं उतरलं. मी म्हटलं, देवाची कृपा. कृपा होतीच, पण मोकळ्या हवेचीही होती.

त्या रात्री छताजवळचा छोटा पांढरा डबा वाजू लागला. लेक उठली, “सेल संपत आले असतील, आई, झोप तू,” म्हणून तिने सेल काढून ठेवले. मी पण झोपले. मैत्रिणींनो, हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो. ज्याने आवाज द्यायचा त्याचंच तोंड आम्ही बंद केलं.

सकाळी मला उभं राहवेना. जावयांनी आधी दारं-खिडक्या उघडल्या, शेगडीतला विस्तव बाहेर काढला. शेजारच्या बोटीवर पाऊणशेच्या घरातल्या एक बाई राहतात, जन्मापासून कालव्यावर वाढलेल्या. त्यांनी आम्हा दोघींना आधी काठावर नेलं, मग दवाखान्यात पाठवलं. तपासून संध्याकाळी सोडलं. परत आलो तेव्हा त्या बाईंनी शेगडीच्या मागे हात घालून धुराच्या नळीला नुसता स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो आत गेला. बिस्किटात जावा तसा. समोरून काळ्या रंगाने चकचकीत दिसणारी नळी मागच्या बाजूने गंजून चाळण झाली होती.

गंज तिथेच का आला, हे मी समजून घेतलं, कारण ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. कोळशात गंधक असतं. ते जळून धुरात जातं. रात्री शेगडी मंद ठेवली की धूर थंड पडतो आणि नळीच्या आत त्याला घाम फुटतो. गंधक आणि पाणी मिळून आम्ल होतं आणि ते लोखंड खातं. वरून पावसाचं पाणी छपराच्या कॉलरमधून झिरपतं, तेही नळीच्या पाठीवरूनच उतरतं. उन्हाळ्यात शेगडी बंद असते तेव्हा आतली काजळी ओल धरून बसते आणि खाणं चालूच राहतं. म्हणजे जळतानाही झिजते आणि न जळतानाही झिजते. आम्ही कॉलेजात घसारा शिकलो. वस्तू वापरा की न वापरा, दरवर्षी तिची किंमत कमी धरायची. परीक्षेत मार्क मिळवले, पण वहीतला घसारा जीवावर येऊ शकतो हे वयाच्या पासष्टीत कळलं.

त्या भोकातून जो वायू आत येत होता तो कार्बन मोनॉक्साइड. कोळशाला पुरती हवा मिळाली नाही की तो तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो, मग प्राणवायूला जागाच उरत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप. ताप नसलेला फ्लू वाटावा असं सगळं. आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, ही त्याची खूण. आम्हाला ती खूण मंदिरात दिसली होती, कळली नाही.

या वायूचा माग काढला जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने. खाणीतल्या स्फोटांनंतर मेलेल्या कामगारांचा त्याने अभ्यास केला आणि १८९६ च्या अहवालात दाखवलं की बहुतेक जण स्फोटाने नव्हे, या वायूने गेले होते. लहान जीवाचा श्वास भराभर चालतो, त्यामुळे त्याला विषबाधा माणसाच्या आधी होते. म्हणून त्याने खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यायला सुचवलं. चिमणीएवढा पिवळा पक्षी. तो दांडीवरून पडला की माणसांनी पळायचं. ब्रिटिश खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत होती. त्यानंतर यंत्रं आली.

हे वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. ज्या कोळशाने शेगडी पेटते तो कोळसा वर येताना कितीतरी चिमण्या जीवांना पुढे धरून आलेला आहे. दिल्लीच्या लाल मंदिरात आपल्या समाजाचा पक्ष्यांचा दवाखाना आहे, तिथे जखमी पाखराला पट्टी बांधताना मी पाहिलं आहे. आणि इथे पाखरू हेच मोजमाप. पण एक गोष्ट वाचून थोडा धीर आला. पक्षी कोसळला की त्याला शुद्धीवर आणण्यासाठी वर प्राणवायूची छोटी नळी बसवलेले पिंजरेही बनवले होते. दार लावायचं आणि नळी सोडायची. खाणकामगार आपल्या पाखरांशी शीळ घालून बोलत, त्यांना जीव लावत. क्रूर व्यवस्थेतही हाताची माया सुटत नाही, एवढं खरं.

आता दुरुस्ती. जावयांचं म्हणणं, भोकावर आगीला टिकणारं सिमेंट लिंपू आणि पट्टी आवळू, वसंतात नवी नळी घालू. खर्चाचा विचार होता, मीही मान डोलावली. शेजारच्या बाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. बोट हलते, लॉकच्या भिंतींना धडकते, लोखंड तापून फुगतं आणि निवून आकसतं. लिंपलेलं सिमेंट तडकतं. आणि एक भोक दिसलं म्हणजे आजूबाजूचा सगळा पत्रा कागद झालेला असतो. ठिगळ लावायला आधी कापड धड लागतं. वरच्या कॉलरमधला दोर सुटला, सिमेंट गळलं, तर दुरुस्ती करावी. नळीच गंजली, तर बदलावी. त्यात तडजोड नाही.

मग दोन दिवस मी काठीला बसलेल्या पाहुण्यासारखी नुसती बघत होते. आधी छपरावरची चिमणी काढली. कॉलरमधलं जुनं सिमेंट आणि दोर छिन्नीने उकरून काढला. जुनी नळी कापून उतरवली. ती हातात घेतली तर समोरची बाजू जड, मागची हलकी. नवी नळी जाड पोलादाची घेतली. बोटीच्या भिंती वर जाताना आत झुकतात, म्हणून माप घेऊन किंचित कोन द्यावा लागतो. खालचं टोक शेगडीच्या तोंडात बसवून भोवती काचधाग्याचा दोर ठासला आणि वर सिमेंट भरलं.

जोड असेल तिथे एक गंमत आहे. वरचा तुकडा खालच्याच्या आत जायला हवा. मला वाटलं उलट हवं, म्हणजे धूर अडणार नाही. बाई म्हणाल्या, धूर वर जातो पण डांबर आणि पाणी खाली उतरतं, ते आतल्या आतच शेगडीत परत गेलं पाहिजे. उलट जोडलं तर जोडातून बाहेर ओघळेल. आपल्या पन्हाळीचं गणित तेच की! वरची पन्हळ खालचीच्या आत. वरच्या कॉलरमध्ये नळी घट्ट आवळायची नाही, फुगायला जागा ठेवून दोर भरायचा आणि वरून उष्णता सोसणारं सीलंट. मग सिमेंट वाळू द्यायचं. पहिल्या दिवशी चार काटक्यांचा विस्तव, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त. घाई केली तर सिमेंट उकळून फुटतं. छपरावरची चिमणीही दुहेरी भिंतीची घेतली. मधल्या हवेने धूर गरम राहतो आणि घाम कमी येतो. शेवटी धुराची कांडी लावून प्रत्येक जोड तपासला. गजराचे सेल जागच्या जागी, आणि दुसरा एक गजर उशाजवळ. तिथे १ एप्रिल २०१९ पासून राहत्या बोटींना हा गजर सक्तीचा आहे, आणि दर चार वर्षांनी बोटीची तपासणी असते. आमची तपासणी पुढच्या वर्षी होती. गंज तपासणीची तारीख बघून येत नाही.

ते दोन दिवस शेगडी बंद होती, म्हणून त्या बाईंनी आम्हाला आपल्या बोटीत बसवलं. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही हे कळल्यावर तीन वाजताच त्यांची चूल माझ्यासाठी मोकळी ठेवली. वेगळं भांडं, गाळलेलं पाणी, सगळं मला करू दिलं. त्यांच्या आजीचं लग्न बोटीवर झालं, मुलं बोटीवर झाली. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण चुलीची नळी दर शरद ऋतूत ती हाताने चाचपायची, काठीने ठोकून आवाज ऐकायची. धड नळी खणखणते, गंजलेली बद्द वाजते. मडकं घेताना आपण वाजवून घेतो तसं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं, ते बोटीवरच्या बायकांच्या बोटांत होतं.

ते आयुष्य आता संपलं आहे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा शहरातल्या शिकलेल्या मुली तीन-तीनच्या गटाने मालाच्या बोटी चालवायला आल्या. लंडनहून लोखंड वर, कॉव्हेंट्रीकडून कोळसा खाली. त्यांच्या बिल्ल्यावरच्या दोन अक्षरांवरून थट्टेने त्यांना ‘आळशी बायका’ म्हणत! त्यांतली एमा स्मिथ पुढे लेखिका झाली आणि १९४६ मध्ये चित्रपटाच्या कामासाठी आपल्या देशातही येऊन गेली. १९४८ मध्ये कालवे सरकारी झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, बोटी अडकल्या, गिऱ्हाइकं रस्त्याकडे गेली ती परतली नाहीत. नियमित लांब पल्ल्याची शेवटची कोळशाची खेप १९७० मध्ये संपली. अ‍ॅथरस्टोनहून कोळसा जायचा तो साउथहॉलच्या जॅमच्या कारखान्याला. साउथहॉल म्हणजे तेच, जिथे आज आपल्याकडची भाजी, पिठं, मसाले मिळतात आणि लेक जिथून मला मेथी आणून देते. कालवा तिथून अजून वाहतो.

मैत्रिणींनो, चुलीला आपल्या शास्त्रात पाच सूनांत धरलं आहे. कांडण, दळण, चूल, पाण्याचा घडा आणि केरसुणी. गृहस्थाच्या हातून नकळत हिंसा होते त्या या जागा. लहानपणी मी हे ऐकायचे तेव्हा मनात फक्त मुंग्या-किडे यायचे. लाकूड झटकून लाव, शेणी आपटून घे, हे आईचं सांगणं. आता कळतं, त्या जागांवर घरची माणसंही असतात. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना जीव जाण्याच्या आधी प्रमादाचा उल्लेख येतो, हे आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. त्या रात्री आम्ही कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. फक्त वाजणाऱ्या डब्याचे सेल काढले होते. त्यालाच प्रमाद म्हणतात. आणि शेजारणीच्या आजीचं काठीने ठोकून ऐकणं, त्याला यत्नाचार म्हणतात, मग तिला तो शब्द माहीत असो वा नसो.

म्हणून एवढं करा. आपल्याकडे बोट नाही, पण बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे. हिवाळ्यात दार-खिडकी बंद करून अंघोळ करताना माणसं जातात ती याच वायूने. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा, झरोका बुजवू नका. बाळंतिणीच्या खोलीत शेक-धुरीचे निखारे ठेवून दार लावू नका. थंडीत पेटलेली शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नका. घरात दोघांचं डोकं एकदम दुखू लागलं तर आधी खिडकी उघडा, मग बाम शोधा. आणि वस्तूची पाठ बघा. समोरून सगळंच चकचकीत असतं.

परत येताना लेकीने विचारलं, “आई, आता तरी सांगशील ना सगळ्यांना मी कुठे राहते ते?” सांगितलं, आणि आज तुम्हालाही सांगितलं. माझी लेक बोटीवर राहते. सात फुटांत नेटका संसार करते. दाराला मी क्रोशाचं तोरण करून दिलं आहे, आणि दर शरदात ती नळी ठोकून बघते आणि फोनवर मला आवाज ऐकवते. खणखणीत.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.